गाडीची हळद

सौमित्र वरातीत गाडीच्या डाव्या अंगाने चालत होता आणि दर थोड्या वेळाने वाकून तिला हात लावत होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"अरं, बायको नाय आली नाचायला, तं गारीसंगं नाचतंस काय?" नवरदेवाचे वडील आनंदा मढवी पुढून ओरडले. आसपासचे हसले. सौमित्रही हसला आणि हात मागे घेतला. बायको पुढे देवळात बायकांबरोबर थांबली होती, ते एक बरंच होतं.

गाडी लाल, उघड्या टपाची, लांब नाकाची. तशी कोपर गावातच काय, अख्ख्या डोंबिवलीत दुसरी नव्हती, कारण ती कुठल्या कारखान्यातून तयार होऊन आलीच नव्हती. नवरदेवाने, हर्षित मढवीने, तिचं किट मागवलं होतं. एका टेम्पोतून बॉडीचे फायबरचे भाग आले, दुसऱ्यातून लोखंडी सांगाडा. इंजिन एका भंगारात निघालेल्या सेडानचं. मग दोन वर्षं रविवार धरून धरून हर्षित आणि सौमित्र या दोघा शाळासोबत्यांनी ती मढवींच्या गोदामात उभी केली. मढवींची मिठागरं गेली, शेती गेली, आता गाळ्यांचं भाडं येतं. हर्षितकडे वेळ होता. सौमित्रकडे नव्हता, पण त्याला त्या कामाचं वेड लागलं. पोटासाठी तो विमा कंपन्यांकरता गाड्यांची पाहणी करायचा. ठोकलेली, पुरात बुडालेली, जळालेली, जी असेल ती गाडी बघायची आणि ती तशी कशामुळे झाली ते लिहून द्यायचं.

जळालेल्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. म्हणून किटमधलं एक काम त्याने हट्टाने स्वतःकडे ठेवलं होतं: सायलेन्सरच्या उष्णतेपासून बॉडी वाचवायचं. पत्र्याची बॉडी तापली तर रंग उडतो. फायबरची तापली तर आधी मऊ पडते, मग फुगते, मग आतल्या आत धुमसते, आणि एकदा पेटली की थांबत नाही.

गाडीचा पाइप इंजिनातून निघून डाव्या दाराखालून मागे जायचा आणि मागच्या सीटखाली सायलेन्सरला मिळायचा. त्या पाइपाला सौमित्रने उष्णता अडवणारी जाड, विणलेली सोनेरी पट्टी गुंडाळली, मोडलेल्या पायाला बँडेज गुंडाळतात तशी. पाइप आणि फायबर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, पण तो फायबरला चिकटवला नाही. बोटभर जागा मोकळी सोडली.

"मध्ये काहीतरी भरून टाकू ना," हर्षित म्हणालेला. "थर्माकोल-बिर्माकोल."

"मध्ये हवा पाहिजे. फिरती हवा. तीच सगळं काम करते."

ती हवा बाहेर पडावी म्हणून डाव्या अंगाला माशाच्या कल्ल्यांसारख्या खाचा कापल्या. नंबर नव्हता, कागद नव्हते, विमा तर नव्हताच. तरी एका पहाटे गाडी खडवलीच्या मोकळ्या रस्त्याला नेऊन दोघांनी ती पळवली आणि थांबून फायबरला तळहात लावला. कोमट. सौमित्रचा जीव भांड्यात पडला होता.

पण तेव्हा गाडी पळवली होती. आज ती रांगत होती. वरात म्हणजे चार पावलं पुढे, मग बँडसमोर नाच, मग पुन्हा चार पावलं. खालून वारा नाही, वेग नाही, वर मे महिन्याचं चारचं ऊन. शिवाय सजावटवाल्याने गाडीला खालून चारी बाजूंनी पिवळ्या साटीनची झालर ठोकली होती, अगदी जमिनीला टेकेल अशी. "डावी बाजू उघडी ठेव रे," असं सौमित्रने सकाळी बजावलं होतं. सकाळच्या माणसाने ते दुपारच्या माणसाला सांगितलं नसावं. गाडी अंगणातून बाहेर आली तेव्हा खाचा झालरीखाली गेलेल्या होत्या, आणि मागच्या सीटवर सौमित्रची मुलगी जाऊन बसलेली होती.

मैथिली नऊ वर्षांची. हर्षितला सख्खी बहीण नव्हती, आणि "मैथिलीच माझी करवली" हे त्याने लग्न ठरायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. गोविंदा, हर्षितचा चुलतभाऊ, गाडी चालवत होता. मागे उजवीकडे मुंडावळ्या बांधलेला हर्षित आणि डावीकडे मैथिली. मांडीवर नारळ ठेवलेला पाण्याचा तांब्या, तो दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. तिच्या सीटखाली सायलेन्सर होता. पाठीमागे पेट्रोलची टाकी.

मढवींच्या घरची रीत अशी की नवरदेव घरून निघाला की गावदेवीच्या पायरीपर्यंत त्याचा पाय जमिनीला लागत नाही. करवलीनेही तोवर त्याच्या शेजारून उठायचं नाही.

बँडने नवं गाणं धरलं आणि गाडी पुन्हा थांबली. सौमित्र गोविंदाच्या कानाशी गेला.

"बंद कर ना जरा. हे नाचतायत तोवर."

"येडा झालास काय दादा? गरम झालीय. आता सेल्फ घेणार नाय. मग काय ढकलत नेऊ नवऱ्याला? आख्खं गाव हसल."

"काटा कुठे आहे?"

"काटा मधे हाय. काय नाय होत. नाच ना तू!"

काटा इंजिनाच्या पाण्याचा होता. झालरीच्या आत काय चाललंय ते सांगणारा काटा या गाडीत नव्हता.

"सौम्या," मागून हर्षितने हाक मारली, "आज तरी मेकॅनिक नको होऊ यार. फोटोत सगळीकडे तुझी पाठच येणार."

सौमित्रने मान डोलावली आणि पुन्हा डाव्या बाजूला आला. त्याने श्वास रोखला, सोडला, आणि मग नाकाने हळूहळू हवा आत घेतली. तापलेल्या फायबरचा वास त्याला पाठ होता. गोडसर, डोक्यात चढणारा. दोन वर्षं तो वास त्याच्या शर्टांना येत होता, आणि आता तो खरंच येतोय की नुसता आठवतोय, हे त्याला सांगता येईना. इतरांना विचारण्यात अर्थ नव्हता. डोंबिवलीच्या माणसाला कारखान्यांकडून कसलाही वास आला तरी तो खिडकी लावून घेतो आणि चहा पितो.

अत्तर. मोगरा. फटाक्यांची दारू. कुणाच्या तरी केसांचा स्प्रे. फायबर नाही.

पुढच्या थांब्यावर त्याने पुन्हा वास घेतला, आणि त्याला फोडणीचा वास आला. तेल, हळद, जरासं करपलेलं. गल्लीतल्या कुठल्या तरी घरात कुणीतरी कढई चढवली होती. सौमित्रला एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. माणूस उपाशी असला की नसती भुतं दिसतात. त्याने मैथिलीकडे पाहून भुवया उडवल्या. तिने तांब्या सांभाळत गंभीर चेहऱ्याने मान हलवली. करवली हसत नाही, असं तिने ठरवलं असावं.

घरं संपली. आता एका हाताला टॉवरच्या कामाचे पत्रे होते, दुसऱ्या हाताला नाला. रस्ता निमुळता झाला आणि वरात दाटली. पुढे बँड, मागे बायका, मधे गाडी. बँडच्याही पुढे कुणीतरी फटाक्यांची लांब माळ अंथरत होतं.

फोडणीचा वास अजून येत होता.

सौमित्रने मागे वळून पाहिलं. शेवटचं घर बरंच मागे राहिलं होतं. वारा समोरून येत होता. पत्र्यांच्या पलीकडे नुसते खांब आणि सळया. इथे कोण फोडणी घालत होतं?

त्याचं लक्ष झालरीकडे गेलं. वरच्या काठाशी, जिथे साटीन फायबरवर ठोकलं होतं, तिथे लाल रंगावर एक पिवळा ओघळ सुकला होता. साटीनचा पिवळा नव्हे. वेगळा.

शेजारून हर्षितची आजी, कमळाबाई, कासोटा सावरत चालत होती. सगळ्यांनी गाडीत बस म्हटलं तरी ती बसली नव्हती.

"आजी, हे काय लागलंय इथे?"

"हलद," कमळाबाई म्हणाली. "कालची. तू कवा आलास, सगला आटपल्यावर!"

ते खरं होतं. काल आंबिवलीला एक जळालेली व्हॅन बघायला जावं लागलं आणि सौमित्र हळदीला जेवणाच्या वेळी पोचला.

"गाडीला हळद?"

"मंग? सगल्यांना लावली न गारीला नाय, असा कसा चालल? ती पन लग्नाचीच हाय. माज्या हातांनी लावली बघ. तं आनंदा पुसाला लागला, रंग खराब होतंय म्हनून." ती हसली, समोरचे दोन दात नव्हते. "मंग मी काय केला, त्या फटी हायत ना गारीच्या कुशीला, तिथून वाटीच वतली आत. दोन वाट्या. आत कोन पुसाला जातंय!"

"हळदीत तेल होतं, आजी?"

"तेलाबिगर हलद लागतं काय रं पोरा?"

बँडवाल्याने झांजा आपटल्या. सौमित्रला त्या ऐकू आल्या आणि आल्या नाहीत.

खाचांच्या मागे पत्रा होता, आणि पत्र्याच्या कडेवरून ओघळलं की खाली थेट पाइप. पाइपावर त्याने स्वतः गुंडाळलेली विणलेली पट्टी होती. ती उष्णता अडवते. पण तेल तिला मिळालं तर ते ती वातीसारखी पिते. दोन वाट्या तेल रात्रभर प्यायलेली वात, आता तापून लाल व्हायला आलेल्या लोखंडावर गुंडाळलेली, आणि चारी बाजूंनी झाकलेली. फायबरचा वास येत नव्हता, कारण फायबरची पाळी अजून आली नव्हती. आधी तेल करपत होतं.

त्याला कालची व्हॅन दिसली. मागच्या सीटच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. सवयीने डोक्यात वाक्य जुळलं: आगीचा उगम डाव्या बाजूस, मागील आसनाखाली. अशी वाक्यं तो रोज लिहायचा. त्यात कधी मुलगी नसायची.

ओरडावं? "आग" हा शब्द इथे तोंडातून निघाला तर पुढचे मागे आणि मागचे पुढे धावतील, एका बाजूला पत्रे, दुसऱ्या बाजूला नाला, मधे म्हाताऱ्या आणि कडेवरची पोरं. आणि तो चुकत असला तर? तेल नुसतंच करपून सुकून गेलं तर? भर वरातीत ज्याने नवरदेवाचा पाय जमिनीला लावला, तो माणूस मढवींच्या दारात पुन्हा कुठल्या तोंडाने उभा राहणार? पुढे कधी त्या घरात काही वाकडं झालं की त्याचंच नाव निघेल.

हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि ते येत असतानाच त्याचे हात मैथिलीच्या बगलेत गेले होते.

"चल, उतर."

"बाबा! नाही उतरायचं. आजीने सांगितलंय."

"मैथिली, उतर म्हणतो ना."

"करवलीने उठायचं नसतं! हर्षितकाका, बघ ना बाबा!"

"सौम्या, काय करतोयस?" हर्षितने मान वळवली. मुंडावळ्या बाजूला सारून तो बघत होता. "राहू दे ना तिला. शू लागलीय काय?"

सौमित्रला एवढंच कळत होतं की मैथिलीला धरायचं आणि चालत सुटायचं, नाल्याच्या बाजूने, मागे न बघता. त्याने तिला हिसडून वर उचललं. ती रडायला लागली, पाय झाडू लागली, पण तांब्या काही सोडला नाही; नारळ सीटवर पडला, तांब्या कलला आणि पाण्याची धार दारावरून, लाल फायबरवरून, झालरीच्या काठातून आत गेली.

चर्र झालं.

तापल्या कढईत ओला हात झटकावा तसं, मोठ्याने. मग झालरीच्या खालून, गाडीच्या पूर्ण लांबीभर, पांढरी वाफ रस्त्यावर पसरली आणि तिच्यामागोमाग पिवळट धूर.

हर्षितने ते ऐकलं. त्याने खाली पाहिलं, मग सौमित्रकडे, मग सौमित्रच्या कडेवर रडणाऱ्या मैथिलीकडे. दोन वर्षं तोही त्या गोदामात होता. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"मामा!" तो ओरडला. "काळुराममामा, खांद्यावर घे! आत्ताच्या आत्ता!"

मामा म्हणजे दहीहंडीत सगळ्यात खालच्या थराचा माणूस. भाच्याला खांद्यावर नाचवायची त्याची हौस सकाळपासून अडून राहिली होती. तो खुशीत पुढे आला, वळून पाठ दिली, आणि हर्षित सीटवरून सरळ त्याच्या खांद्यावर गेला. जमिनीला पाय लागला नाही. बँडवाल्यांना वाटलं, आता खरा रंग भरला. त्यांनी ठेका वाढवला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर धरले.

"गोविंदा, चावी! चावी काढ आणि पळ!" सौमित्रचा आवाज आता फुटला. "मामा, पुढे जा! बँड पुढे न्या! माळ पेटवू नका रे, माळ पेटवू नका!"

त्याने मैथिलीला कमळाबाईच्या हातात जवळजवळ फेकलं. "आजी, हिला घेऊन त्या पत्र्यापाशी जा. थांबू नका."

मग तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी झालर ओढली. टाचण्या टरटरत निघाल्या. साटीन वर उचललं गेलं, आत हवा शिरली, आणि ज्या हवेची तो दोन वर्षं महती सांगत होता तिनेच ज्योत उठवली. पाइपाच्या वळणापासून सीटच्या बुडापर्यंत, निळी आणि पिवळी, फार मोठी नव्हे, देवघरातल्या वातींची ओळ असावी तशी. साटीनचा काठ आक्रसला आणि थेंब थेंब गळू लागला.

"रेती!" आनंदा मढवी ओरडले. टॉवरच्या पत्र्यांना फट होती आणि आत रेतीचा ढीग होता. नवऱ्या मुलाचा बाप सिल्कच्या कुडत्यानिशी त्या फटीतून आत घुसला आणि हातात आलं त्या घमेल्याने रेती फेकू लागला. मग दोघं-तिघं आले. सौमित्र ओंजळीने रेती पाइपावर दाबत राहिला. बोटं पोळली ते त्याला नंतर कळलं. ज्योती एकेक करून विझल्या. शेवटची सीटच्या बुडाशी होती. ती विझली, पुन्हा लागली, पुन्हा विझली.

बँड बराच पुढे गेला होता. तिकडच्या लोकांना अजून काही पत्ता नव्हता.

सौमित्र रस्त्यावर आडवा झाला आणि मोबाइलचा उजेड गाडीच्या पोटात टाकला. सीटखालचं फायबर फुगून पोळीसारखं सुटलं होतं. त्याने खिशातलं पेन टेकवलं, तर ते दाबलं न दाबलं तोच आत रुतलं. त्याच्या वरच्या अंगाला मैथिलीची सीट होती. थोडं मागे पेट्रोलची नळी होती. तिचं रबर ओलं असल्यासारखं चकाकत होतं. अजून एक नाच, फार तर दोन, आणि तीही पेटली असती.

दाराला धरून उठावं म्हटलं तर त्याला तिथे हात लावायची हिंमत होईना.

हर्षित मामाच्या खांद्यावरूनच परत आला होता. मामा घामाघूम झाला होता, पण खाली ठेवायला तयार नव्हता.

"गेली?" हर्षितने गाडीकडे बघत विचारलं.

"बॉडी गेली. बाकी आहे."

"बॉडीचं काय घेऊन बसलास!" मग थोडं थांबून, खालच्या आवाजात: "पहिलं पोरीला उतरवलंस."

"हो."

"मला सांगणारच होतास ना?"

"हो," सौमित्र म्हणाला. ते जरा उशिरा आलं. हर्षितने त्याच्याकडे पाहिलं आणि मुंडावळ्या नीट केल्या.

"बरं झालं," तो म्हणाला. "तू तिला तसं ओढलंस ना, ते बघूनच माझी तंतरली."

मामाने पाऊल उचललं. कमळाबाई मैथिलीला घेऊन पत्र्यापाशी उभी होती. म्हातारीचे तळवे अजून पिवळे होते आणि ती ते पदराला पुसत होती. पुन्हा पुन्हा.

"माज्यानं झाला काय रं?" तिने विचारलं.

सौमित्रने तिच्या हातांकडे पाहिलं. "झालर, आजी. झालर नको होती मारायला."

कमळाबाईने कुणाकडून तरी पाण्याची बाटली मागून घेतली, तांब्या काठोकाठ भरला, सीटवरचा नारळ आणून वर ठेवला आणि तो मैथिलीच्या हातात दिला. "चल माजे बाय. नवऱ्याच्या मागं मागं चल. करवलीबिगर देवी दार नाय उघरत."

मैथिलीने डोळे पुसले आणि चालू लागली. पुढे मामाच्या खांद्यावर डोलणारा हर्षित, मागे तांब्यावर नजर खिळवून ती, आणि तिच्या पाठीमागे सौमित्र, पोळलेले हात अंगापासून लांब धरून. गाडी नाल्याकाठी रेतीत उभी राहिली. नाला मागे पडला, घरं पुन्हा सुरू झाली, देवळाचा कळस दिसायला लागला.

देवळाशेजारी जेवणाचा मांडव होता. आचाऱ्याने मोठ्या पातेल्यात तेल तापवलं होतं. मोहरी तडतडली, मग हळद पडली, आणि फोडणीचा वास वाऱ्याबरोबर वरातीवर आला.

"भूक लागली रे," समोरून कुणीतरी म्हणालं.

सौमित्रचे हात आपोआप पुढे गेले आणि त्याने मैथिलीला दोन्ही खांद्यांना धरून मागे खेचलं, इतक्या जोरात की ती त्याच्या पोटावर येऊन आदळली. तांब्यातलं पाणी तिच्या परकरावर सांडलं.

"बाबा!" ती म्हणाली. "सांडलं ना परत! सोड ना मला."

पायरी समोर होती. सगळे तिच्यासाठी थांबले होते. सौमित्र तिला धरून उभा होता.